ड्रायर फिरतो पण हवा गार येते, फ्यूज ‘डायरेक्ट’ करून घेऊ का?

मिठागराकाठी (शिरोडा)
१० जुलै, रात्री १०:१५

नमस्कार. प्रश्न जरा लांबणार आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय नीट उत्तर मिळणार नाही म्हणून सविस्तर लिहिते.

आमचं घर शिरोड्याला, समुद्र चालत सात-आठ मिनिटांवर. घरात मी, बारावीतला मुलगा आणि मामंजी. हे मुंबईला नोकरीला असतात, आता चतुर्थीलाच येतील. दोन वर्षांपूर्वी मामंजींची उजवी बाजू गेली, तेव्हापासून ते अंथरुणाला आहेत. रोजच्या दोन चादरी, तीन-चार पंचे, खालची दुपटी, लेंगे एवढं धुणं पडतंच, आणि रात्री कधी पुन्हा एकदा सगळं बदलावं लागतं. ऑक्टोबर ते मे मला काही वाटत नाही. खळ्यात दोरीवर टाकलं की दुपारच्या आत कडकडीत. पण मृग लागला की दोरीवरची चादर तीन-तीन दिवस वाळत नाही. पंखा लावा, माजघरात वलणीवर टाका, हात लावला की गारच लागते, आणि मग तो कुबट वास. गेल्या वर्षी जरा दमट राहिलेलं दुपटं खाली गेलं आणि त्यांच्या माकडहाडाजवळ कातडी सोलवटली. ती जखम भरायला अडीच महिने लागले. मी ते अडीच महिने पाहिलेत, म्हणून ड्रायर ही आमच्या घरात चैन नाही.

ड्रायर सहा वर्षांचा आहे, साडेपाच किलोचा. कंपनीचं नाव लिहीत नाही. मागच्या पडवीत असतो. मागून चार इंची घडीचा पाईप निघतो, भिंतीतून बाहेर माडांच्या बाजूला. बाहेरच्या तोंडाला प्लास्टिकची झडपेची टोपी आहे.

यंदा १० जूनला चालू केला. पहिल्यापासूनच वेळ जास्त घेत होता. गेल्या वर्षी पन्नास मिनिटांत वाळायचं ते सव्वा तास, मग दीड तास. बाहेर काढले की कपडे चांगले गरम, चटका बसेल इतके, पण शिवणीत आणि घडीत ओल तशीच. २६ जूनला ड्रम फिरतोय, आवाज नेहमीचा, पण हवा गार. कंपनीचा माणूस पाच दिवसांनी आला, हीटरजवळचा थर्मल फ्यूज गेलाय म्हणाला, बदलला, येण्याजाण्याचे धरून १८५० रुपये घेतले आणि पंधरा मिनिटांत गेला. नऊ दिवस चालला. काल पुन्हा तेच, हवा गार. आता फोनवर म्हणतात की हीटरचा पूर्ण संच बदलावा लागेल, ७४०० रुपये, आणि सुटा भाग यायला दहा-बारा दिवस.

आज गावातल्या वायरमनला बोलावलं. मुलगा प्रामाणिक आहे, आमच्या घरचं सगळं तोच करतो. तो म्हणाला, “वैनी, फ्यूज डायरेक करून दितंय, परत कटकट नाय.” म्हणजे फ्यूज काढून दोन वायरी सरळ जोडायच्या. पैसेही घेणार नव्हता. मी त्याला उद्यापर्यंत थांब म्हटलंय.

करून घेऊ का? मामंजींची खोली पडवीला लागूनच आहे आणि त्यांना स्वतःहून उठता येत नाही, एवढंच मनात येतंय.

———

कडेकपारी (दापोली)
१० जुलै, रात्री ११:०२

ताई, माझा ड्रायर तीन वर्षं डायरेक्ट चालतोय. काही झालेलं नाही. थर्मोस्टॅट वेगळा असतो, तो हीटर चालू-बंद करतोच, फ्यूज गेला तरी तो काम करत राहतो. कंपनीवाले फ्यूजच्या नावाखाली दर वर्षी पैसे काढतात. उद्या जोडून घ्या आणि कपडे वाळवा. आजारी माणूस घरात असताना दहा दिवस थांबणं शक्य नाही.

———

जुनी वायंडिंग (देवगड)
११ जुलै, सकाळी ६:४०

ताई, वायरमनला सांगा, डायरेक्ट करायचं नाही. माझं वायंडिंगचं आणि दुरुस्तीचं दुकान आहे, एकतीस वर्षं झाली. दापोलीच्या दादांच्या मनात काही वाईट नाही, पण त्यांचं मशीन आणि तुमचं मशीन एकाच अवस्थेत नाही. त्यांची हवा मोकळी जात असणार. तुमची जात नाहीये, हे तुम्ही स्वतःच लिहिलंय.

“कपडे चटका बसेल इतके गरम, पण ओले.” ताई, हेच दुखणं आहे. ड्रायर फक्त उष्णतेने कपडे वाळवत नाही. गरम हवा कपड्यांतून पाणी उचलते आणि ती ओली हवा पंखा पाईपातून बाहेर फेकतो. बाहेरची वाट अडली तर तीच ओली हवा आत घोटाळत राहते. कपडे तापतात, वाळत नाहीत. आणि हीटरवरून हवा पुरेशी वाहत नसली की हीटरच्या डब्यातलं तापमान भराभर चढतं. थर्मोस्टॅट दर थोड्या वेळाने हीटर तोडतो, पुन्हा जोडतो. एखाद्या दिवशी चढ जास्त होतो आणि थर्मल फ्यूज वितळतो. तुमच्याकडे दोनदा हेच झालंय. फ्यूज आपलं काम करून गेला. ज्याने तो बदलला त्याने तो का गेला हे बघितलं नाही.

आता डायरेक्ट केलं तर काय होईल ते सांगतो. वाट अडलेलीच राहील. थर्मोस्टॅट मिनिटामिनिटाला तुटत-जोडत राहील. सतत ठिणगी पडून त्याच्या आतले पॉइंट कधीतरी चिकटतात, हे माझ्या टेबलावर कितीदा आलंय. पॉइंट चिकटले की हीटर बंदच होत नाही. त्या वेळी मध्ये तुटणारी एकच गोष्ट असते, आणि ती तुम्ही काढून टाकलेली असेल. शिवाय हीटरच्या आसपास कपड्यांची रूई साचलेली असते. तुमच्या ड्रायरच्या रूई अडवणाऱ्या जाळीवरची चिमूटभर रूई खळ्यात चिऱ्यावर ठेवा आणि काडी लावून बघा. सांगावं लागणार नाही.

आता तपासणी. यातलं बाहेरचं सगळं तुम्ही आणि मुलगा करू शकाल. आतलं वायरमनकडून करून घ्या, पण तुम्ही समोर उभ्या राहा.

पहिलं, ड्रायर रिकामा चालू करा. हवा गार असली तरी पंखा फिरतोय, तेवढं पुरे. बाहेर जाऊन टोपीसमोर हात धरा. झडप पूर्ण उचलली गेली पाहिजे आणि हाताला जोराचा झोत लागला पाहिजे. मग बंद करा, प्लग काढा, मागचा पाईप मशीनपासून सोडवा, पुन्हा चालू करून मशीनच्या तोंडाशी हात धरा. इथे जोर आहे आणि बाहेर नाही, तर दोष पाईपात किंवा टोपीत. दोन्हीकडे जोर नाही, तर जाळी, आतली वाट किंवा पंख्याची चकती.

दुसरं, जाळी. रूई काढली म्हणजे जाळी साफ झाली असं नाही. धुण्यात कपडे मऊ करायचं औषध घालता का? पेशंटला तेल लावता का? दोन्हीचा पातळ थर जाळीवर बसतो, डोळ्यांना दिसत नाही. जाळी नळाखाली धरा. पाणी सरळ आरपार पडलं तर ठीक. वर उभं राहिलं तर हवाही तशीच अडते. गरम पाणी, भांड्याचा साबण आणि जुना दातांचा ब्रश, हलक्या हाताने.

तिसरं, गेल्या पावसाळ्यात हेच मशीन पन्नास मिनिटांत वाळवत होतं. मधल्या काळात काय बदललं ते आठवा. मशीन हलवलं का, पाईप बदलला का, भिंतीचं काही काम काढलं का.

चौथं वायरमनसाठी. प्लग काढून, हीटरच्या दोन्ही वायरी सोडवून मल्टीमीटर लावायचा. २००० वॅटचा हीटर असेल तर २३० व्होल्टला साधारण २६ ओहम यायला हवेत. मग एक टोक हीटरला आणि दुसरं पत्र्याच्या डब्याला, तिथे काहीही दाखवता कामा नये. दाखवलं तर तार डब्याला टेकलीय, मग हीटर खरंच बदलावा लागेल. २६-२७ आले आणि डब्याला काही नाही, तर ७४०० रुपयांचा संच तुम्हाला लागत नाही.

आणि व्होल्टेज बघा. संध्याकाळी सातला किती असतं ते लिहा.

———

मिठागराकाठी (शिरोडा)
११ जुलै, दुपारी १:३०

दादा, तुमचं उत्तर सकाळी मामंजींना चहा देताना वाचलं आणि वायरमनला लगेच फोन करून सांगितलं की डायरेक्ट नको. तो संध्याकाळी मीटर घेऊन येतोय. रूई जाळून पाहिली. चिऱ्यावर ठेवून काडी नुसती जवळ नेली, टेकवलीसुद्धा नाही, आणि एका क्षणात काही उरलं नाही. मुलगा शेजारी उभा होता. दोघंही गप्पच झालो.

काय बदललं या प्रश्नाचं उत्तर मला मिळालंय. मे महिन्यात मामंजींसाठी चाकांची खुर्ची आणली. पडवीच्या दारातून ती वळत नव्हती म्हणून आम्ही मायलेकांनी ड्रायर अर्धा फूट मागे, भिंतीला सारून ठेवला. मागचा पाईप तेव्हाच दबला असणार. कंपनीच्या माणसालाही मशीन पुढे ओढायला जागा नव्हती, त्याने बाजूचा पत्रा उघडून काम केलं होतं.

जाळीचंही तुम्ही म्हणता तेच. नळाखाली धरली तर अळूच्या पानावर राहतं तसं पाणी वर उभं राहिलं, खाली थेंब नाही. मऊपणाचं औषध मी घालते, त्यांच्या कातडीला चादर टोचू नये म्हणून. आणि रोज रात्री तिळाचं तेल लावते. घासून धुतल्यावर पाणी सरळ पडायला लागलं.

मशीन ओढायला मला आणि मुलाला जमेना. वायरमन आला की तिघं मिळून ओढू. तोपर्यंत कपड्यांचं काय करावं, कुणाला काही सुचत असेल तर सांगा. आज सकाळपासून झड लागलीय, उघडीप नाहीच.

———

असगोलीची मावशी (गुहागर)
११ जुलै, दुपारी ३:१०

अगो, मशीन व्हायचं तेव्हा होईल, आजची रात्र कशी निघेल ते बघू.

माझ्या सासूबाई चार वर्षं अंथरुणाला होत्या, तेव्हा ड्रायर नव्हता. आम्ही वेताची टोपली शेगडीवर पालथी घालून तिच्यावर दुपटी पसरायचो, बाळंतिणीच्या खोलीत करतात तसं. वाळायची, पण धुराचा वास, आणि दर दोन मिनिटांनी उलटत बसायचं. तू हे करू नकोस. आताची घरं पूर्वीसारखी कौलांतून श्वास घेत नाहीत. बंद खोलीत निखारे ठेवले की त्यांचा वायू चढतो, आणि आजारी माणसाला ते सांगताही येत नाही.

धुण्याच्या मशीनमध्ये कपडे दोनदा पिळून घे. एकदा सगळं धुणं झाल्यावर, आणि मग निम्मे-निम्मे करून पुन्हा नुसती पिळणी, जास्तीत जास्त वेगावर. दुसऱ्या पिळणीत किती पाणी निघतं ते बघशील. चादर दोरीवर दुहेरी घालू नकोस, दोन दोऱ्यांवर आडवी पसर, मध्ये हवा खेळू दे. छताचा पंखा नको, खालचा टेबलफॅन घे आणि चादरीच्या कडेने वारा सोड. एक खिडकी बोटभर उघडी ठेव, नाहीतर तीच ओल खोलीत फिरत राहते. शेवटची ओल इस्त्रीने काढायची, आधी शिवणी आणि काठ. इस्त्री झाल्या झाल्या घडी घालू नकोस, दहा मिनिटं खुर्चीच्या पाठीवर टाक, वाफ जाऊ दे.

आणि खाली घालायला जाड दुपट्याऐवजी जुन्या सुती नऊवारीचे दोन पदर घाल. मऊ असतं, पाणी ओढतं आणि वाळतं निम्म्या वेळात. माझ्याकडे तेवढ्या तुकड्यांवर दोन पावसाळे निघाले.

तुझ्या हातांना यश येवो गो बाय.

———

मिठागराकाठी (शिरोडा)
१२ जुलै, रात्री ९:५०

मावशी, कपाटात आईची एक नऊवारी होती. काल रात्रीच तिचे चार तुकडे केले. पंख्याखाली खरंच तीन तासांत वाळले. आईची म्हणून कापताना जीव खालीवर झाला, पण तिलाही हेच आवडलं असतं.

आता ड्रायरचं.

काल संध्याकाळी वायरमन आला आणि आम्ही तिघांनी मशीन पुढे ओढलं. पाईप मागे दबून पुठ्ठ्यासारखा चपटा झाला होता, एका ठिकाणी तर दोन बोटंही जाणार नाहीत इतका. तो सोडवला. आतून करड्या रूईची लांबच लांब वळकटी निघाली, ओली, हाताला नमद्यासारखी, आणि कुबट वासाची. मशीनच्या तोंडाशी हात धरला तर झोत चांगला होता. मला वाटलं, झालं, सापडलं.

पाईप झटकून, सरळ करून पुन्हा जोडला आणि मुलाला छत्री घेऊन बाहेर पाठवलं. तो तिथूनच ओरडला, “आई, झडप उघडतच नाही!”

मग मीच गेले. टोपी जमिनीपासून सात फुटांवर आहे, शिडी लावावी लागली. पावसात टॉर्च धरून पाहिलं. झडपेच्या वरच्या कडेला, बिजागरीच्या जागी मातीचा गोळा. लिंबाएवढा एक आणि त्याला चिकटून दोन लहान. कुंभारीण माशीचं घर! झडप करंगळीच्या रुंदीएवढी हलत होती, त्यापुढे मातीला अडत होती. आत टोपीच्या गळ्यात आणखी एक, रूई त्याच्याभोवती गुंडाळून बसलेली. वायरमनने स्क्रू ड्रायव्हरने हळूहळू खरवडून काढलं. माती इतकी पक्की की एक तुकडा हातात घेतला तर भाजलेल्या पणतीसारखा वाटला. फोडल्यावर आत रिकामी कोठडी होती, पिल्लं कधीच उडून गेलेली. ऑक्टोबरपासून ड्रायर बंद होता, त्या आठ महिन्यांत तिने निवांत घर बांधलं. दर वर्षी खिडकीच्या चौकटीत, देवाच्या फोटोमागे तिची घरं मी पाहते. या टोपीत डोकावून बघावं हे कधी मनात आलं नाही.

टोपी साफ केल्यावर मशीन चालू केलं. झडप सपाट आडवी उचलली गेली आणि शिडीवर माझ्या तोंडावर असा वारा आला की डोळे मिटावे लागले.

मीटरचे आकडे लिहिते. हीटर २७ ओहम. डब्याला काही नाही. फ्यूजला आवाज नाही, म्हणजे तुटलेलाच. संध्याकाळी सातला व्होल्टेज १९६.

अजून एक दिसलं ते वायरमननेच दाखवलं. हीटरच्या एका वायरीचं थिंबल, म्हणजे टोकाला दाबून बसवलेली धातूची पकड, काळं पडलेलं, वायरीचं रबर इंचभर कडक होऊन तडकलेलं, आणि बाजूच्या थिंबलवर हिरवट थर. ते बदलायचं का? फ्यूज कुठून घेऊ? कंपनी सुटा द्यायला तयार नाही, माणूस पाठवूनच बसवू म्हणतात.

———

जुनी वायंडिंग (देवगड)
१२ जुलै, रात्री १०:३५

शाब्बास ताई. शिडीवर चढून बघणं माझ्या दुकानातल्या पोरांनाही सांगावं लागतं.

थिंबल आजच्या आज बदला. समुद्राकाठी मिठाची हवा आहे, त्यात तुमच्याकडे मिठागरं जवळ. पितळेवर हिरवा थर चढतो, पकड सैल होते, सैल जागा तापते, तापली की आणखी सैल होते. या हीटरला पूर्ण व्होल्टेजला साडेआठ अँपिअरच्या आसपास करंट जातो, सैल थिंबलला एवढा करंट पुष्कळ झाला. नुसतं घासून परत बसवू नका. वायर काळी पडलीय तिथपर्यंत कापायची, आतली तार चकचकीत दिसली पाहिजे, आणि उष्णता सोसणाऱ्या वायरीचा तुकडा जोडून नवं थिंबल पकडीने दाबायचं. साधी घरातली पीव्हीसी वायर हीटरजवळ वापरू देऊ नका, ती मऊ होते. टेप तर अजिबात नको.

फ्यूजवर बारीक अक्षरांत अंशांचा आकडा आणि अँपिअर छापलेले असतात. भिंगाखाली बघून दोन्ही लिहून घ्या, मोबाईलवर फोटो काढा. दोन्ही तेच हवेत. दुकानदार “हा जरा जास्तीचा आहे, टिकेल” म्हणून वरचा आकडा देतो, तो घेऊ नका. जास्त अंशांचा फ्यूज म्हणजे उशिरा जाणारा फ्यूज. मोठ्या गावात सुट्या भागांच्या दुकानात मिळतो, नाहीतर कुरिअरने मागवा. दोन घ्या, एक घरात राहू दे.

१९६ व्होल्टेजचं सांगतो. हीटरची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात उतरते. २३० ला जेवढी मिळते त्याच्या पाऊणाहून थोडी कमी १९६ ला मिळेल. म्हणजे कपडे वाळायला वेळ लागेल, पण फ्यूज त्याने जात नाही. सकाळी साडेपाच-सहाला किंवा दुपारी लावून बघा, तेव्हा व्होल्टेज बरं असतं. फ्रीजच्या स्टॅबिलायझरवर हे मशीन कधी लावू नका, त्याची तेवढी ताकद नसते. एक्स्टेन्शन बोर्डवरही नको. १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉवर प्लग, आणि अर्थिंग एकदा तपासून घ्या. आपल्या जांभ्याच्या जमिनीत उन्हाळ्यात ओल राहत नाही, अर्थिंग कमकुवत होतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

तेलाच्या कपड्यांबद्दल एक राहिलं. तिळाचं तेल लागलेले पंचे आधी गरम पाण्यात साबणाने धुवा, मगच ड्रायरमध्ये. आणि ड्रायर शेवटची काही मिनिटं हीटर बंद करून गार हवा सोडतो, ती पूर्ण होऊ द्या. तेलकट कपडे गरमागरम काढून ढीग करून ठेवले तर ते आतल्या आत तापत जातात आणि पेटूही शकतात.

———

कडेकपारी (दापोली)
१३ जुलै, सकाळी ८:२०

मी काल रात्री माझ्या मशीनमागचा पाईप काढून पाहिला. आतल्या बाजूने अर्धा इंच थर होता. तीन वर्षांत एकदाही काढला नव्हता. आज फ्यूज मागवतोय. देवगडच्या दादांना विचारायचं होतं, टोपीला बाहेरून मच्छरदाणीची बारीक जाळी मारली तर कुंभारीण, पाली, काहीच आत येणार नाही ना?

———

जुनी वायंडिंग (देवगड)
१३ जुलै, सकाळी ८:५५

बारीक जाळी मारू नका. ड्रायरच्या आतल्या जाळीतून निसटलेली रूई थेट त्या जाळीवर जाऊन बसेल. पंधरा दिवसांत ती जाळी बुजते आणि तुम्ही पुन्हा ताईंच्या जागी येता. हलकी झडप मोकळी हलत असली की पावसाळाभर तेवढी पुरे, रोज वारा जातो तिथे कुंभारीण घर करत नाही. धोका बंद काळातला आहे. दसऱ्यानंतर मशीन बंद कराल तेव्हा टोपीवर दुधाची जाड पिशवी बांधा, वर सुतळी. आणि मशीनच्या प्लगला चिठ्ठी अडकवा, “बाहेरची पिशवी काढली का?” चिठ्ठी विसरू नका. पिशवी तशीच ठेवून कुणी मशीन चालू केलं तर तोच प्रकार.

———

मिठागराकाठी (शिरोडा)
१८ जुलै, रात्री ९:१५

फ्यूज काल कुरिअरने आला, दोन मिळून ४२० रुपये. आकडे भिंगाखाली जुळवून पाहिले, मुलाने दोनदा वाचले. वायरमनने थिंबल आणि वायर बदलली, फ्यूज बसवला. जाताना म्हणाला, “वैनी, माका ह्या म्हायतच नाय होता.” म्हणजे त्यालाही हे ठाऊक नव्हतं. आता तो गावातल्या दुसऱ्या घरात डायरेक्ट केलेला ड्रायर पुन्हा उघडायला जाणार आहे.

मशीनची जागा बदलली. पडवीच्या दुसऱ्या भिंतीला, जिथून खुर्ची वळायला अडचण होत नाही. पाईप घडीचा काढून ताठ पत्र्याचा घेतला, फक्त मशीनजवळ हातभर घडीचा ठेवलाय. भिंतीला नवं भोक पाडावं लागलं, पण आता मध्ये एकच वळण आहे. जुनं भोक सिमेंटने बुजवलं.

आज पहाटे सहाला लावला. दोन चादरी, तीन पंचे, चार दुपटी. मी पडवीत बसूनच होते. बाहेर जाऊन दोनदा झडप बघून आले. बावन्न मिनिटांनी थांबला. चादरीची शिवण गालाला लावून पाहिली, कोरडी. मामंजींच्या खाली घातली तेव्हा त्यांनी डावा हात तिच्यावरून फिरवला आणि “ऊन पडला काय गो?” म्हणून विचारलं.

बाहेर पाऊस चालूच होता. चिठ्ठी लिहून प्लगजवळच्या खिळ्याला आत्ताच अडकवून ठेवलीय.